खोलीची शांतता

"मास्तर, दुःख कुठं कमी पडलं?"

सिनेमा नुकताच संपला होता. चित्रपट-शाळेच्या छोट्या थिएटरात दुपार पेंगत होती. प्रोजेक्टरच्या झोतात धूळ तरंगत होती, आणि उत्पल उत्तरासाठी अडून बसला होता. स्वारी स्वतःवर भलतीच खूश होती.

त्यानं केलेला हा सिनेमा त्याच्याच ताईवर होता. स्वतःचं लग्न लांबवून, साड्यांना फॉल लावून घर चालवणारी ताई, अंथरुणाला खिळलेले बाबा. ताईच्या जागी नटी होती, पण घर खरं, त्यांचंच. उद्या ताई सिनेमा बघायला येणार होती. आपल्या भावानं आपलं सगळं जाणलं असं तिला वाटावं, एवढ्यासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता.

बशीरमास्तर ध्वनी शिकवत. सिनेमाभर त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

"नटी छान रडते," ते म्हणाले. "खोलीची शांतता ऐकव."

शूटिंग आटोपलं की सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि त्या खोलीची नुसती शांतता टेप करायची, ही या धंद्यातली रीत. संवादांमधल्या फटी तिनं बुजवतात.

"ती बिघडली, मास्तर. दुसऱ्या खोलीची वापरली."

"बिघडलेलीच लाव."

अंधारात पंख्याची घरघर आली. लांब कुठंतरी कावळा... फळीवरचं घड्याळ... उत्पलला वाटलं, आपण घरीच आलोय, दाराशी चपला काढतोय.

मग भिंतीपलीकडून ताईचा दबका आवाज आला.

"बाबा, खोकू नका हो... जरा दम धरा. आपल्या उत्पलचं काम चाललंय."

पुढं काहीच नाही. फक्त कुणीतरी कोंडून धरलेला, थरथरता श्वास...

आणि त्यावर उत्पलचाच खेकसल्यासारखा आवाज, "आत कोण बोलतंय? कट!"

हे त्यानं पूर्वीही ऐकलं होतं. तेव्हा नुसता राग आला होता. आता त्यानं टेप मागं नेऊन तेवढंच पुन्हा लावलं.



"मास्तर..." तो कसाबसा म्हणाला, "हे सिनेमात कुठं जोडू?"

मास्तर उठले. त्यांनी थिएटरचं दार सताड उघडलं. उन्हात पडदा पांढराफटक झाला.

"घरी जा," ते म्हणाले. "बाबांना खोकू दे."