उभीची बैठक

तर एकदा असं झालं, बरं का. डोंगराच्या पोटात एक वाडी होती. मूठभर घरं, एक विहीर आणि भोवती करवंदीच्या जाळ्या. तिथं भर दुपारी एक वेळ अशी यायची की सगळं गप्प व्हायचं. कावळा ओरडता ओरडता थांबायचा. कोंबड्या पंखांत माना घालायच्या. झाडाची सावली सरकत सरकत बुंध्याशी येऊन लपायची. त्या वेळेला उभी फिरायची.

उभी कोण म्हणता? सांगते ना, जरा दम धरा.

उभी म्हणजे एक बाई. उंच, वाळकी. तिच्या लुगड्याचा रंग कोणता, ते आजवर कुणाला सांगता आलं नाही. तिच्या दोन्ही हातांत झाकण घातलेलं एक भांडं असायचं. ते भांडं इतकं तापलेलं, इतकं तापलेलं, की जिथं टेकवावं तिथं भुई करपून जायची. मग तिला ते खाली ठेवता यायचं नाही. बसता यायचं नाही. निजता यायचं नाही. कुणी तिला कधी बसलेलं पाहिलंच नव्हतं, म्हणून तिचं नावच पडलं उभी.

आणि तिला राग यायचा एकाच गोष्टीचा. त्या वेळेला कुणी चुलीवरचं भांडं उतरवून उघड्या भुईवर ठेवलं की तिला वाटायचं, मला टेकवता येत नाही आणि ही बघा कशी खुशाल टेकवते! मग ती त्या बाईची ऊब काढून घ्यायची आणि आपल्या भांड्यात टाकायची. भांडं आणखी तापायचं. हात आणखी भरून यायचे. आणि तरी घ्यायचीच.

म्हणून त्या वाडीत घरोघर बैठक असायची. आपण बसतो ती नव्हे हं. गरम भांड्याखाली घालायची, कापडाची, चांगली जाड. कापडाचे चौकोन घ्यायचे, दुमडून त्यांच्या तिकोनी घड्या करायच्या. घड्यांची टोकं सगळी मधोमध आणायची, एका रांगेवर दुसरी रांग बसवायची आणि कडेनं धावदोरा घालायचा. शिवून झाली की डाळिंबाचं फूल उमललंय असं वाटायचं. त्या वाडीतल्या पोरींना वेणी घालता येण्याआधी बैठक शिवता यायची.

तिथं येसू नावाची एक पोर होती. तिचा बाप मेंढरं घेऊन लांबच्या रानात गेला होता. घरी आई आणि येसू, दोघीच. एके दिवशी आईनं बैठक धुतली आणि कुंपणावर वाळत टाकली. इकडे चुलीवर आमटी उकळून वर आली. आता उतू जाणार! आईनं घाईघाईनं पातेलं उतरवलं आणि टेकवलं. कुठं? उघड्या भुईवर.

बाहेर कावळा गप्प झाला.

"आई, बैठक!" येसू ओरडली.

"अगं बाई!" आई म्हणाली. तेवढंच म्हणाली. मग तिचा हात खाली आला तो तसाच राहिला. येसूनं तो धरला तर रांजणाच्या बुडासारखा गार. आईनं हळूच मान वळवली, येसूकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तू कुणाची गं पोर?"

येसूनं आईला धरून माजघरात नेलं. तिनं आईला गोधडीत गुंडाळलं. तळव्यांना तेल चोळलं. विस्तव करून शेक दिला. काही होईना. आई आपली भिंतीला टेकून समोर बघत बसलेली, आणि डोळे उघडे.

मग शेजारच्या धोंडाकाकू धावत आल्या. त्यांनी चुलीपुढचं पातेलं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "मेली बैठक धुवायला हिला आजचाच मुहूर्त सापडला!" असं म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

"काकू, ऊब परत कशी आणायची?"

"कुणी आणलीय का आजवर? सगळे दारं लावून बसतात. उभीपुढं जाऊन बोलणार कोण आणि बोलणार काय?"

"मी विचारते ना, तुला काय हवं म्हणून."

"तिला विचारणार?" काकूंचं रडं थांबलं. "असं कुणी तिला कधी विचारलेलं नाही गं."

मग दुसऱ्या दुपारी कावळा गप्प झाला आणि येसू अंगणात जाऊन उभी राहिली. कुंपणाच्या पलीकडे ती होती. पायाखालचं गवत पिवळं पडलेलं. भांडं हातात. आणि भांड्याच्या आत कुणीतरी कुजबुजत होतं.

"माझ्या आईची ऊब दे. तुला काय हवं ते सांग," येसू म्हणाली.

"देईन." झाकण थडथडावं तसा उभीचा आवाज. "आधी हे कुठं टेकवू ते सांग. टेकवल्याशिवाय झाकण कसं काढू?"

"मी तुझ्या भांड्याएवढी बैठक शिवून देते."

मग येसूनं पेटी उघडली. तिच्यात खणाचं कापड होतं, नवं कोरं, आईनं सणासाठी जपलेलं. अजून त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. येसूला वाटलं, द्यायचं तर उत्तमातलं द्यावं. तिनं ते कापलं, घड्या केल्या, टोकाला टोक जुळवलं. अशी देखणी बैठक झाली म्हणता! पुढच्या दुपारी तिनं ती कुंपणाशी नेऊन ठेवली. उभी वाकली. भांडं टेकलं मात्र, भस्सकन् राख झाली.

"ह्याची घडी कुणी मोडली नव्हती," उभी म्हणाली. "अंगाला लागलं नाही ते कापड म्हणजे रिकामं घर, पोरी. रिकाम्या घरात कुणाच्या भरवशावर ठेवू?"

आणि बघता बघता ती कुंपणाच्या अलीकडे आली, पडवीत. पडवीतलं पाणी गार झालं, पाळीव मांजर बाहेर पळालं.

मग येसूनं विचार केला. अंगाला लागलेलं हवं काय? मग तिनं आज्याचं मुंडासं काढलं. आजा कधीच गेलेला, पण मुंडासं किती मऊ! त्याची बैठक शिवली आणि पडवीत ठेवली. उभीनं भांडं टेकवलं. जळलं नाही! येसू हसली. पण मग काय झालं, बैठक खाली खाली जायला लागली. चिखलात पाय जावा तशी शेणानं सारवलेल्या भुईत बुडायला लागली, आणि भांडं तिच्याबरोबर. उभीनं झडप घालून भांडं वर ओढलं.

"हे आमच्याकडचं, गेलेल्याचं कापड," ती म्हणाली. "ते आपल्या माणसाकडे चाललं."

आणि ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली. तिचे हात आता लटलट कापत होते. "उद्या माझे हात सुटतील बघ. भांडं सांडलं की सगळ्यांची ऊब भुईत मुरेल. तुझ्या आईची पण. मग मीसुद्धा ती गोळा करू शकायची नाही."

झोपलात का रे? नाही? बरं, ऐका.

कोरं चालत नाही. गेलेल्याचं चालत नाही. म्हणजे जित्या माणसाच्या उबेचं हवं. येसूनं बापाची बंडी काढली, गार. आईचं लुगडं काढलं, गार. गोधडी, गार. उभी उंबऱ्यापर्यंत आल्यापासून घरात जे म्हणून घडी करून ठेवलेलं, खुंटीला टांगलेलं, ते सगळं गारठलं होतं. बैठक झालीच नाही, आणि पुन्हा दुपार झाली. कावळा गप्प झाला. उभी उंबरा ओलांडून आत आली.

येसू मटकन् खाली बसली. तिनं गुडघे पोटाशी घेतले, आणि तिला काय जाणवलं माहीत आहे? तिच्या अंगावरचा परकर ऊन होता. अख्ख्या घरात तेवढंच एक कापड ऊन होतं. उतरवलं की तेही गारठणार.

पण अंगावरचं कापड असं शिवायचं नसतं, बरं का. अंगावर शिवतात ते गेलेल्या माणसाचं. जित्याच्या अंगावर शिवायचंच असेल तर दातांत काडी धरायची. म्हणजे सुईला कळतं, हे माणूस अजून खातंय. आणि काडी पडू द्यायची नाही, बोलायचं नाही. बोललं की सुई कापडाबरोबर माणसालाही शिवून टाकते.

येसूनं केरसुणीची काडी ओढली आणि दातांत धरली. परकराचा घेर पुढं पसरला. न कापता, न उतरवता घेराच्याच घड्या घालायला लागली. एक टोक मधे, दुसरं टोक मधे. मग धावदोरा.

तेवढ्यात भांड्यातून हाक आली. आईच्या आवाजात.

"येशे, केस बांधलेस का गं? कशी झिपरी फिरतेस!"

येसूनं काडी घट्ट चावली.

मग हाक आली, "ये बाळा, गूळ-खोबरं देते. ये ना, तोंड उघड."

येसूनं मान हलवली आणि टाका घातला.

मग आवाज अगदी बारीक झाला. "येसू, इथं अंधार आहे गं. मला कुणी ओळखत नाही इथं. नुसतं 'ओ' तरी दे."

येसूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते घड्यांवर पडलं. हात थांबला. ओठ उघडणार, इतक्यात काडी हलली, आणि तिनं ती पुन्हा दाबून धरली. ओ दिली नाही. ओ देण्याऐवजी टाका घातला. मग अजून एक. मग गाठ मारली आणि दोन्ही हातांनी समोर दाखवलं. ठेव.

उभीनं ठेवलं.

जळलं नाही. बुडलं नाही. परकराच्या घेरात, घड्यांच्या त्या फुलावर भांडं नीट बसलं, आणि येसूच्या गुडघ्यांना शेक लागला. उभीचे हात सुटे झाले तेव्हा त्यांचा कडकड आवाज आला. तिनं झाकण काढलं. घरभर वाफ झाली. त्या वाफेत कितीतरी बायका बोलत होत्या, हसत होत्या, कुणी कुणाला रागावत होत्या. सगळ्या दाराखिडकीतून आपापल्या घरांकडे गेल्या. एक वाफ तेवढी माजघरात वळली.

मग उभी खाली बसली. हो, बसली! आणि आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली.

"आता ह्यांचं काय करायचं गं?" तिनं विचारलं.

येसूच्या तोंडात काडी. बोलायचं कसं? तिनं आपले दोन्ही तळवे जोडले, गालाखाली घेतले आणि मान कलती केली. असं. उभीनं तसंच केलं. भुईवर आडवी झाली, तळवे गालाखाली घेतले, डोळे मिटले. श्वास हळू झाला. मग ती हळूहळू विरळ होत गेली, घेरातलं भांडंही विरलं, आणि तिथं नुसतं सारवण राहिलं.

माजघरातून आई आली, पदर खोचत. "काय गं, गाईसारखी काडी काय चघळतेस? आणि परकराचं हे काय करून ठेवलंस?"

येसूनं विळी पुढं ओढली, घेर कापून अंग मोकळं केलं, मग काडी थुंकली. आणि अशी ओरडली म्हणता, "आई!" की कावळे उडाले.

मग बाप मेंढरं घेऊन परत आला. तिघं गरम गरम आमटी-भात जेवली, पोटभर. वाडीतल्या सगळ्या चुली पेटल्या, सगळी घरं ऊन झाली, आणि सगळे सुखात राहिले.

चला, आता तुमचेही हात रिकामे करा बघू. ती भिंगरी दे इकडे. तळवे जोडा, गालाखाली घ्या. असं. मिटा डोळे.