पाहुण्याची ऐश

एका बंदरावर धाकू नावाचा एक भोळा गडी होता. सांगाल तेच करायचा. हीच त्याची खोड. आम्ही व्यापारी माणसं हुशार गड्याला जरा बिचकूनच असतो, म्हणून नरसूशेठनी मुद्दाम हा ठेवला होता.

शेठची वखारभर हळद पडून होती. कीड लागायला आलेली. तेवढ्यात मिसर देशाचे शाकिरसाहेब आले. हळद पसंत पडली. परवा सौदा करू म्हणाले. तोवर मुक्काम शेठच्याच घरी.

"धाकू, साहेब मागतील ते द्यायचं," शेठनी बजावलं.

"होय शेठ."

रात्री पान वाढलं. साहेबांनी कालवणाकडे बघितलं आणि विचारलं, "ऐश?"

धाकूने ताट उचललं. गादी घातली, लोड दिला, अत्तर लावलं आणि पाय चेपायला बसला. साहेब उपाशी झोपले.

"अरे टोणग्या, त्यांच्यात ऐश म्हणजे भाकरी!"

"होय शेठ. आता नाही चुकणार."

दुसऱ्या दिवशी शेठचे जावई आले. शेठ दुकानात निघता निघता म्हणाले, "जावईबापू दमलेत. आज त्यांना ऐश करू दे."

संध्याकाळी येऊन बघतात तर जावईबापू चुलीपुढे. कोपरापर्यंत पीठ. शेजारी धाकू फुंकणी घेऊन.

"शेठ, बापूंची ऐश काही फुगत नाही बघा."

शेठनी कपाळाला हात लावला. साहेब मात्र खूश. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "आमच्याकडे भाकरी म्हणजे ऐश, आणि ऐश म्हणजेच जगणं. तुकडा खाली पडला तरी उचलून त्याचा मुका घेतो आम्ही."

"ऐकलंस?" शेठ धाकूवर खेकसले. "भाकरी म्हणजे साहेबांचा जीव. जप त्याला!"

"होय शेठ."

सौद्याचा दिवस उजाडला. साहेब आंघोळीला गेले. धाकूने पानात भाकरी वाढली आणि पाणी आणायला वळला. तेवढ्यात कुत्रा आला, भाकरी घेऊन पळाला. धाकू वेशीपर्यंत मागे धावला. मग रडत दुकानात आला.

"शेठ, साहेबांचा जीव गेला!"

"काय सांगतोस!"

"माझ्या डोळ्यांदेखत गेला हो!"

शेठ मटकन खाली बसले. गिऱ्हाईकच गेलं! समोरच्या दुकानातले भिकूशेठ धावत आले. शेठच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता त्यांनी सगळी हळद मातीमोलाने घेतली. शेठनी रडत रडत होकार दिला, दफनासाठी काझींना निरोप धाडला आणि धाकूला घेऊन घर गाठलं.

ओटीवर साहेब बसले होते. केस ओले, समोर रिकामं पान.



"ऐश?" साहेबांनी विचारलं.

धाकूने हात जोडले. "साहेब, तुमचा जीव कुत्र्याने नेला. पण घाबरू नका. शेठाणी दुसरा थापतायत."