लापशी सड्यावर

तो समोर वर कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार, दिसतो ना, त्यावर दगडांच्या चुली मांडलेल्या आहेत. आमच्या तांबोटवाडीत दरसाल पावसाळ्याच्या तोंडावर गावजेवण असतं. भात-आमटी खाली देवळात आणि लापशी मात्र तिकडं वर. निम्म्या जेवणात ढोल वाजला की साऱ्या गावानं पानावरून उठायचं आणि सडा गाठायचा. नवखे पाहुणे हसतात. हसेनात का, चढावर दम लागला की आपोआप गप्प होतात.

असं सांगतात की पूर्वी इथं भिवराबाई नावाची एकटी बाई राहायची. एकुलत्या एक लेकीचं लग्न तिनं ज्येष्ठातल्या शेवटच्या मुहूर्तावर काढलं. व्याही हैबतराव भारी मानी. वाढण्यात जरा उणं पडलं तर नवरीला सोडून वरात माघारी नेतील, असा माणूस.

पाऊस आठवडाभर धरून होता. पंगत बसली आणि भिवराबाई पाणी आणायला ओढ्यावर गेली. बघते तर काय, एवढ्या धो धो पावसात ओढा आटलेला! वर डोंगर खचून पाणी अडलंय, हे तिनं ओळखलं. ती धावत मांडवात आली आणि डोंगर खचलाय, सगळे उठा म्हणाली. कुणी हललं नाही. आमच्याकडं पंगतीत थोरल्याच्या आधी उठणं म्हणजे अन्नाचा अपमान, आणि त्या दिवशी मानानं थोरले होते हैबतराव.

"निम्म्या जेवणातनं उठवताय व्हय आमास्नी?" ते कडाडले. "लेक नांदवायची हाय का न्हाई, विहीणबाई?"

 पण लेक जगली तर नांदणार ना! भिवराबाईनं लापशीचं पातेलं उचललं, डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवलं आणि सड्याची वाट धरली.

"लापशी वर वाढनार हाय! पायजे त्यानं यावं!"

मग काय विचारता! आधी पोरं पळाली, पोरांमागं त्यांच्या आया, मग नवरा-नवरीसकट सगळं वऱ्हाड. शेवटी हैबतरावही जाब विचारायला धावले. निम्म्या चढावर त्यांना आठवलं, आपली पांगळी आई मांडवातच राहिली. तसेच माघारी पळाले, आईला पाठुंगळी घेतलं आणि कसेबसे वर पोहोचले. तोच मागं डोंगर सुटला आणि मांडव मातीखाली गेला.

 मग भिवराबाईनं पळसाचं पान घेतलं, त्यावर लापशी वाढली. सगळे हैबतरावांकडं बघू लागले, कारण पहिलं पान व्याह्यांचं. तिनं ते म्हातारीपुढं ठेवलं.

हैबतराव चिखलानं माखलेले, धापा टाकत होते. म्हणाले, "बरुबर हाय. वाढा, विहीणबाई. माजं समद्यांच्या शेवटी वाढा." लेक पुढं सुखानं नांदली, हे वेगळं सांगायला नको.

आजही कुणाला कुणी उचलून न्यायचं, हे घरोघरी आधीच ठरलेलं असतं. कितीही मोठा पुढारी आला तरी पहिली लापशी पाठीवरून आलेल्या माणसाची. तरणा होतो तेव्हा मीही पुष्कळांना वर नेलंय. यंदा माझे गुडघे गेले, तेव्हा मान माझा. तुमच्यातला हा दांडगा गडी मला बरा वाटतो. बाळा, खाली जेवायला माझ्या शेजारीच बस.