हैबती नावाड्यानं धरलेली पिठोरी

ऐका, चौसष्ट योगिनींनो, तुमची कहाणी. हातात अक्षता घ्या, लेकरं जवळ बसवा, दिव्यात तेल घाला.

पाण्याच्या काठी आटपाट गाव होतं. गावापुढं मोठी नदी होती. नदीला पूल नव्हता, पायी जायला उतार नव्हता. होती एक नाव, नावेवर होता हैबती नावाडी. ऐलतीरी हाक आली की ऐलतीरी, पैलतीरी हाक आली की पैलतीरी. जेवत असला तर हातातला घास ताटात ठेवी, पण कुणाची हाक वाया जाऊ देत नसे.

त्याची बायको सगुणाई. तिला दोन मुलगे, एक मुलगी. थोरला लिंबाजी, धाकटा मंजाबा, शेंडेफळ साळू. श्रावणाची अवस आली की गावात बैल सजत, सगुणाईच्या घरी पिठोरी बसे. पिठाच्या चौसष्ट योगिनी करी, पाटावर मांडी, हळदकुंकू वाही. दिवेलागणीला खीरपुरीचं ताट दोन्ही हातांनी डोक्यावर धरी. देवीकडं तोंड करी, पाठीमागं न बघता विचारी, "अतीत कोण?" म्हणजे, पाहुणा कोण आलाय? पाठीशी उभी लेकरं एकेक करून सांगत. "मी लिंबाजी." "मी मंजाबा." "मी साळू." मग खांद्यावरून हात घालून ताटातलं वाण उचलत.

मुलं मोठी झाली. लिंबाजी गलबतावर गेला, खाडीकाठी घर केलं. तीन दिवसांची वाट. मंजाबा राजाच्या पेठेत गेला. पाच दिवसांची वाट. साळूला डोंगरापलीकडं दिली. सात दिवसांची वाट. तरी अवसेला सगळी येत. सुना येत, जावई येई, नातवंडं येत. घरात पाय ठेवायला जागा उरत नसे. हैबती उंबऱ्यावर बसून म्हणे, "अगं, हे घर आहे का बाजार?" सगुणाई म्हणे, "बाजार उठला म्हणजे कळेल."

मग एका साली सगुणाई देवाघरी गेली.

अवस जवळ आली. हैबतीनं चुलीकडं बघितलं, पाटाकडं बघितलं, आपल्या राठ हातांकडं बघितलं. मनाशी म्हणाला, एवढी माणसं येतील, त्यांना रांधून कोण घालील? पोरांचे हाल होतील. सुना म्हणतील, सासरा पुसतसुद्धा नाही. त्यानं गावोगाव फिरणाऱ्या कासाराबरोबर निरोप धाडला, "यंदा येऊ नका. घरात करणारं कोणी नाही." पाट धुतला, फडक्यात बांधला, माळ्यावर टाकला.

निरोप खाडीकाठी गेला. लिंबाजी म्हणाला, "बापाला आता आमची अडचण होते." निरोप पेठेत गेला. मंजाबा म्हणाला, "नको म्हटल्यावर जायचं कुठल्या तोंडानं?" निरोप डोंगरापलीकडं गेला. साळू जात्याशी बसली होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "आई गेली, आता माहेरही गेलं."

पहिलं साल गेलं, कोणी आलं नाही. दुसरं साल गेलं, कोणी आलं नाही. निरोप एका सालाचा होता, पण लेकरांनी तो जन्माचा धरला, आणि बापानं पुन्हा 'या' म्हणून कळवलं नाही. दरसाल म्हणे, येतील आपली आपण. तिसरं साल उजाडलं. अंगणात गवत गुडघ्याला लागलं.

सणाच्या आदल्या दिवसापासून हैबतीची नाव भरून वाहू लागली. कुणाची लेक माहेरी आली, कुणाचा मुलगा, कुणाची तान्ही नातवंडं. हैबती एकेकाला हात धरून उतरवून घेई. कोष्ट्याची काशी मोठी फटकळ. ती म्हणाली, "हैबतीदादा, साऱ्या गावची पोरं आणलीत, तुमची कुठल्या खेपेला?"

"येतील. पाण्याला ओढ आहे."

"तिसऱ्या सालीबी पाण्यालाच ओढ का? दादा, नदीवर आळ घेऊ नका, ती बिचारी ऐकते."

हैबती हसला. नाव वळवली, पाठ फिरवली, मग उपरण्यानं डोळे पुसले.

अवसेच्या दिवशी दुपार कलली. सगळी माणसं आपापल्या घरी पोचली. पैलतीरावरून हाक आली. बघतो तर एक म्हातारी. अंगावर जुनेर, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. हैबतीनं नाव लावली.

"म्हातारे, पाय जपून टाक."

"माझे पाय राहू दे, लेका. माझ्यामागं आणखी आहेत, तुझी नाव जप."

"किती जणी?"

"असतील दोघीतिघी."

दुसरी आली, ती बसली. तिसरी आली, ती बसली. मग झाडामागून आली, दरडीवरून आली, वाळूतून चालत आली. हैबतीनं विसापर्यंत मोजल्या, पुढं मोजायचं सुचेना. वीस माणसांची नाव, तिच्यात चौसष्ट जणी बसल्या, तरी नाव तसूभर दबली नाही. कुणाचा कुणाला धक्का नाही. हैबतीनं खाली पाण्यात बघितलं. पाण्यात म्हाताऱ्यांच्या सावल्या पडल्या नव्हत्या, चौसष्ट ज्योती पडल्या होत्या. भर उन्हात नदी आतून उजळली होती. वल्हं हातात तसंच राहिलं आणि नाव चालत राहिली.

पहिली म्हातारी म्हणाली, "जगाची लेकरं आणतोस, तुझी कुठं आहेत?"

हैबतीनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

म्हातारी म्हणाली, "अरे खुळ्या, लेकरं काय पुरी खायला सात दिवस चालतात? त्यांच्या घरी पुऱ्या होत नाहीत?"

"मग काय करू, माये?"

"पिठोरी धर."

"ते बायकांचं व्रत. मी बाप्या माणूस."

"वाट बघताना बाप्या नव्हतास? उठ. आज उपास कर, संध्याकाळी अंघोळ कर. पिठाच्या चौसष्ट मूर्ती कर, खीर कर, पुऱ्या कर. ताट डोक्यावर धर, तीनदा विचार. उत्तर येईतो ताट खाली ठेवायचं नाही, पाठीमागं बघायचं नाही. घेतला वसा मध्ये सोडायचा नाही."

"आणि कोणी आलंच नाही तर?"

नाव काठाला लागली. हैबती दोरी बांधायला वाकला, वर बघतो तर नावेत कोणी नाही. काठावरच्या ओल्या वाळूत एकही पाऊल उमटलं नव्हतं. त्यानं नावेलाच हात जोडले.

मग घरी आला. माळ्यावरून पाट काढला, अंघोळ केली, पीठ मळलं. दोरी वळणारे हात ते, पिठाला कसे वळायचे? एक योगिनी मासोळीसारखी झाली, एक होडीसारखी, एकीला मानच राहीना. हैबती म्हणाला, "माये, जशी जमलीस तशी गोड मानून घे." चौसष्ट केल्या, एक कमी केली नाही. खीर तळाशी लागली. पुऱ्या काही फुगल्या, बऱ्याचशा जळल्या. दिवेलागण झाली. पिठाचे दिवे लावले, दार उघडं टाकलं, दाराकडं पाठ केली, ताट डोक्यावर धरलं.

पहिल्यांदा विचारलं, "अतीत कोण?" पाठीमागं नुसता वारा.

दुसऱ्यांदा विचारलं, "अतीत कोण?" पाठीमागं गवत सळसळलं.

तिसऱ्यांदा विचारलं, "अतीत कोण?" पाठीमागं काही नाही.

इकडं असं झालं. तिकडं काय झालं?

तिकडं खाडीकाठी थोरली सून ताट डोक्यावर धरून उभी होती. तिनं विचारलं, "अतीत कोण?" मुलांनी तोंडं उघडली, तो त्यांच्याआधी एक म्हातारा आवाज म्हणाला, "मी." लिंबाजीच्या अंगावर काटा आला. पेठेत धाकट्या सुनेनं विचारलं, "अतीत कोण?" पाठीमागून आलं, "मी." मंजाबा उंबऱ्यापाशी होता, तो जागीच खाली बसला. डोंगरापलीकडं साळूनं विचारलं, "अतीत कोण?" पाठीमागून आलं, "मी." नदीवर आयुष्यभर हाका घालून घोगरा झालेला आवाज तो. साळू म्हणाली, "बा, तू माझ्या दारी पाहुणा?" आणि रडू लागली. बापानं इकडं विचारलेलं तिकडं उत्तर होऊन पोचलं होतं.

तिघांनी आपापलं ताट झाकलं, लेकरं कडेवर घेतली, सगळं घर होतं तसं निघालं. पाऊल टाकलं की कोस सरे, वळण घेतलं की डोंगर मागं पडे. सात दिवसांची वाट, पाच दिवसांची वाट, तीन दिवसांची वाट, सगळ्यांची घटकाभराची झाली. दिव्यातलं तेल सरलं नाही, तोवर तिघं भावंडं पैलतीराला एकमेकांपुढं उभी राहिली. नाव ऐलतीराला बांधलेली. लिंबाजीनं तोंडाशी हात धरले, हाक मारली, "ओ बा! नाव आण!"

हैबतीच्या कानी हाक पडली. त्यानं लेकाचा आवाज ओळखला. पाय दाराकडं ओढ घेऊ लागले. जन्मात हाक वाया जाऊ दिली नव्हती, आणि ही तर पोटची हाक. पण ताट डोक्यावर, उत्तर आलेलं नाही, मागं बघायचं नाही. गेलो तर वसा मोडतो, न जावं तर लेकरं पुन्हा माघारी जातात. पुन्हा हाक आली, मंजाबाची. पुन्हा हाक आली, साळूची. ताट हललं, खीर हिंदकळून कपाळावर आली. हैबती देवीकडं बघत मोठ्यानं म्हणाला, "मला येता येत नाही रे! तुम्हीच या! येऊ नका म्हणालो तो मी चुकलो. माझ्या घरी करणारं कोणी नाही, तरी या. पुऱ्या जळल्यात, तरी या. या, बाबांनो, या!"

काठावर नावेची दोरी सुटली. नाव आपली आपण निघाली. वल्ह्यावर माणूस नाही, आणि दोन्ही बाजूंनी पाणी कापल्याचा आवाज चौसष्ट वल्ह्यांचा. पाण्यावर दिवेच दिवे. लिंबाजी गलबतावरचा माणूस, पण त्यानं मस्तक नावेच्या काठाला टेकवलं, मगच आत पाय टाकला. सगळी बसली. नाव ऐलतीराला आली, अलगद लागली.

हैबतीच्या पाठीमागं अंगणातलं गवत वाजलं. उंबरा वाजला. मग सगळं शांत झालं. त्यानं डोळे मिटले, विचारलं, "अतीत कोण?"

"मी लिंबाजी." खांद्यावरून हात आला, दोरखंडानं घट्टे पडलेला.

"अतीत कोण?"

"मी मंजाबा."

"अतीत कोण?"

हुंदका आला, मग शब्द आला. "मी साळू, बा."

मग सुना आल्या, जावई आला, नातवंडं आली. एकाला पुरी मिळाली, एकाला नुसती खीर. एक नातू म्हणाला, "आजा, ही पुरी आहे का कौल?" त्याच्या आईनं त्याला चापट दिली. हैबती मागं न बघता म्हणाला, "मारू नको गं. खरंच कौल आहे."

ताटात शेवटची एक पुरी राहिली. साळूची धाकटी ठकू, अडीच वर्षांची. आजोबा तिनं कधी पाहिला नव्हता. पाठीमागं उभं राहायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती सगळ्यांच्या पायांतून वाट काढत पुढं आली, आज्याच्या आणि देवीच्या मध्ये येऊन उभी राहिली. दिव्यांच्या उजेडात मान वर करून त्याच्या तोंडाकडं बघू लागली. पाठीमागं बघायचं नव्हतं, समोर बघायला कुणाची मनाई नव्हती. हैबतीनं बघितलं. तीन सालांत घडलेलं सगळं त्या एवढ्याशा तोंडावर होतं. त्याला विचारायचं सुचेना.

मग तिनंच विचारलं, "अतीत कोण?"

हैबती गुडघ्यावर बसला. ताट तिच्यापुढं धरलं आणि म्हणाला, "मी."

ठकूनं पुरीचा तुकडा मोडला आणि त्याच्या तोंडात घातला.

पिठोरीमाय हैबतीला पावली. जशी त्याची पाठ लेकरांनी भरली, तशी तुमची भरो, आमची भरो. लांब गेलेल्यांना वाट जवळ होवो, घरी राहिलेल्याच्या तोंडी 'या' हा शब्द येवो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, देवीच्या पायी वाहिली, ऐकणाऱ्याला फळली, सुफळ संपूर्ण झाली.