पेटीतला लॅपटॉप

एका तालुक्याच्या गावात निवृत्ती ढोबळे नावाचा एक मंडपवाला होता. लग्न असो, बारसं असो की दहावा, मांडव त्याचाच. माणूस कष्टाळू होता. दारूला शिवत नव्हता, बायकोवर हात टाकत नव्हता. पण धंद्याने त्याला एक खोड लावली होती. त्याच्याकडे मखमलीचा एक तांबडा पडदा होता. तो फक्त बड्या घरच्या लग्नात निघायचा. एरवी डांबराच्या गोळ्या घालून पत्र्याच्या पेटीत. गरिबाच्या मांडवाला विटकी कापडं. चांगली वस्तू चार माणसांत काढायची असते, असं तो म्हणायचा. कापडाला हा कायदा ठीक आहे. घरातल्या माणसाला लावला की घात होतो.

त्याची एकुलती एक मुलगी प्रांजल. वय तेरा. तिला स्नायू झिजत जाण्याचा आजार होता. आधी पाय गेले. गणपतीच्या सुमारास डॉक्टरांनी आईबापाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की आता हात जातील. वर्ष मिळेल, फार तर दीड. तोवर बोटं हलती ठेवा आणि पोरीला ज्यात आनंद आहे ते करू द्या.

पोरीचा आनंद एकच होता. मोबाइलवरचा एक साधा खेळ. त्यात एक मुलगी टेकड्या चढायची, झाडावरची फळं पाडायची, ओढ्यावरून उडी मारायची. मारामारी नाही, बंदुका नाहीत. प्रांजल अंगठ्याने तिला पळवायची आणि स्वतःच दमल्यासारखा श्वास टाकायची. पण मोबाइल बापाचा. सकाळी तो बापाबरोबर कामावर जायचा. शिवाय हातात धरला की पाच मिनिटांत पोरीचं मनगट लुळं पडायचं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, पुढ्यात हलका लॅपटॉप ठेवा, म्हणजे धरायला नको, नुसत्या बोटांनी खेळेल.

निवृत्ती, त्याची बायको शालन आणि प्रांजल टेम्पोने मुनीरभाईच्या दुकानात गेले. मुनीर जुने-नवे लॅपटॉप विकायचा, दुरुस्तही करायचा. दुकानाला चार पायऱ्या होत्या, म्हणून पोर टेम्पोतच बसून राहिली. मुनीरने आधी खेळ कोणता ते विचारलं. मग म्हणाला, एवढ्या खेळाला महागडं यंत्र लागत नाही. त्याने एक वापरलेला, सव्वा किलोचा लॅपटॉप काढला. किंमत बावीस हजार. आठ जीबी रॅम आहे, चटकन सुरू होतो, गरम होत नाही, आणि बटणं लोण्यासारखी मऊ आहेत, असं त्याने सांगितलं. नुसतं सांगितलं नाही. पायऱ्या उतरून टेम्पोपाशी गेला आणि पोरीच्या मांडीवर ठेवून खेळ लावून दिला.

प्रांजलने बोट टेकवलं. पडद्यावरची मुलगी पळाली. ओढा आला, तिने उडी मारली.

"पप्पा, हाच," प्रांजल म्हणाली.

तिथे गोष्ट संपायला हवी होती. पण निवृत्तीची नजर काचेच्या कपाटावर गेली. तिथे एक मोठा लॅपटॉप उघडा ठेवला होता. बटणांखाली लाल दिवे, पाठीवर चमकणारं चित्र. किंमत अठ्ठ्याहत्तर हजार. मुनीर म्हणाला, "अण्णा, ते मारधाडीच्या मोठ्या खेळांचं यंत्र आहे. अडीच किलोचं धूड. पोरीच्या मांडीला सोसायचं नाही."

निवृत्तीने आवाज खाली घेतला. "जुना घेतला तर लोक काय म्हणतील? पांगळ्या पोरीचं म्हणून कसंतरी उरकलं म्हणतील."

"लोक खेळणारेत का तो?" शालनने विचारलं.

नवीन कापडासाठी दोन हंगाम साठवलेले पैसे निवृत्तीने मोजून दिले आणि धूड घरी आणलं. पोरीला तो म्हणाला, तुझ्यासाठी सगळ्यात भारी घेतला. पोर हसली. बापाचं मन राखायला तेराव्या वर्षीच शिकली होती ती.

घरी लॅपटॉपची पूजा झाली. नारळ फुटला. झाकणावर कुंकवाचं बोट उमटलं. गल्ली बघायला आली. लाल दिवे बघून म्हातारी माणसंसुद्धा वा वा म्हणाली. एका पाहुण्याने खेळ लावायला सांगितला आणि स्वतःच तासभर खेळत बसला. प्रांजल शेजारी बसून बघत राहिली. शेवटी तिला दहा मिनिटं मिळाली. मग निवृत्तीने लॅपटॉप पुसला, त्याच्यावरचा प्लास्टिकचा कागद तसाच ठेवला आणि तो पत्र्याच्या पेटीत, मखमली पडद्याच्या घडीत ठेवून कुलूप लावलं. अठ्ठ्याहत्तर हजारांची वस्तू रोज हाताळायला भीती वाटत होती त्याला. बावीस हजारांचा घेतला असता तर तो पोरीच्या अंथरुणावर पडला असता. पण ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

पुढे तसंच चाललं. घरी कोणी आलं की पेटी उघडायची. पाहुणे गेले की कुलूप. दिवाळी झाली, लग्नसराई लागली. किल्ली निवृत्तीच्या करगोट्याला, आणि निवृत्ती गावोगाव मांडव ठोकत. शालन भांडली. एकदा नाही, दहादा भांडली. पोरीच्या हातून चमचा पडतोय, असं तिने संक्रांतीला सांगितलं. वेणीला हात पोचत नाही, असं होळीला सांगितलं. तो दरवेळी एकच म्हणायचा, की डॉक्टरांनी वर्षभर सांगितलंय, एवढी सराई उरकू दे. जसं काही आजार त्याच्याकडे तारखा विचारायला येणार होता.

प्रांजलने मागितलं ते एकदाच.

"पप्पा, आज कोणाला तरी जेवायला बोलवा ना. म्हणजे पेटी उघडेल."

निवृत्ती हसला. "जपलं तर टिकतं, बाळा," म्हणाला आणि टेम्पो घेऊन गेला.

ज्येष्ठात सराई संपली. निवृत्ती घरी आला, हातपाय धुतले, आपण होऊन पेटी उघडली. उशांचा उतार केला, पाट मांडला, त्यावर लॅपटॉप ठेवला. प्लास्टिकचा कागदसुद्धा ओढून काढला. म्हणाला, घे, आता रोज तुझा. कोणी हात लावणार नाही.

लाल दिवे लागले. खेळ लागला. ती मुलगी टेकडीच्या पायथ्याशी उभी होती.

शालनने पोरीचा हात उचलून बटणांवर ठेवला. प्रांजलने जोर लावला. कपाळावर घाम आला. बटण दबलं नाही. दुसरं बोट लावलं, तेही दबलं नाही. हात पाटावरून घसरला आणि मांडीवर पडला. तिने तो उचलायचा प्रयत्न केला नाही.

"मी दाबतो. तू सांग," निवृत्ती म्हणाला. दोर आवळून जाड झालेली त्याची बोटं दोन-दोन बटणं एकदम दाबायची. मुलगी दगडावर आपटायची, ओढ्यात पडायची, पुन्हा पायथ्याशी उभी राहायची. प्रांजल उजवीकडे म्हणाली, उडी म्हणाली, पुन्हा उजवीकडे म्हणाली.

"बंद करा पप्पा. डोळ्यांना त्रास होतोय."

शालनने पोरीचा हात पुसून पांघरुणात घेतला. नवऱ्याकडे तिने बघितलंही नाही. पुढेही फारसं कधी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी निवृत्ती लॅपटॉप घेऊन मुनीरभाईकडे गेला. म्हणाला, हा घ्या आणि तो हलका द्या, मऊ बटणांचा, वरचे पैसे नकोत. मुनीरने पोरीचे हात कसे आहेत ते विचारलं. निवृत्तीने सांगितलं. मुनीर म्हणाला, हलका कुठलाही मिळेल अण्णा, पण आता कशाला?

तेवढ्यात मुलासाठी लॅपटॉप बघायला आलेल्या एका बाईंनी तो मोठा लॅपटॉप हातात घेतला. उलटासुलटा करून पाहिला. झाकण पाहिलं, कडा पाहिल्या, बटणांवरून बोट फिरवलं.

"कुठे एक ओरखडा नाही," त्या कौतुकाने म्हणाल्या. "घरात वापरायला कोणी नव्हतं वाटतं."

निवृत्ती तिथेच पायरीवर खाली बसला.

तात्पर्य: वस्तू घेताना ती वापरणाऱ्याचा हात बघावा, बघणाऱ्यांचे डोळे बघू नयेत. आणि आणलेली वस्तू त्याच दिवशी त्याच्या हातात द्यावी, कारण वस्तू जपून ठेवता येते, माणूस तसा पेटीत ठेवता येत नाही.