दिवाणजींची कट्यार

दिवाण त्र्यंबकपंतांच्या डोक्यातून एक कायदा निघाला. लपवून हत्यार बाळगायचं तर परवाना हवा, आणि परवाना मिळणार अंगावरचा वाराचा घाव दाखवील त्यालाच. राजांनीही शिक्का मारला.

धोंडाई सुईण दरबारात दाद मागायला आली. "सरकार, माझी वाट चोरांच्या रानातली. सुरा हवाच. पण बाळंतिणीच्या दारात तो उघडा कसा नेऊ?"

"आधी घाव दाखव," दिवाणजी हसले.

"तुमच्या कमरेला कट्यार आहे. तुमचा घाव कुठाय?"

राजांनी मान खाली घातली. शरमेनं लाल झालेल्या दिवाणजींनी घाईघाईनं कट्यारीवर शेला ओढला.

"झाकू नका, दिवाणजी," धोंडाई म्हणाली, "आता परवाना लागेल."