ज्यांना निकाल मान्य नव्हता

“...मग त्या न्यायालयाचा उपयोग काय, भन्तेजी?”

भन्ते धम्मरत्न विहाराच्या ओट्यावर चटई अंथरत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

विचारणारा विनय गजभिये. लहानपणी याच विहारात पाली शिकला, पुढे आंतरराष्ट्रीय कायद्याचा नामांकित वकील झाला. एका इवल्याशा बेटाच्या देशाची बाजू त्याने जागतिक न्यायालयात मांडली होती. शेजारच्या बलाढ्य देशाच्या युद्धनौका त्या बेटाच्या समुद्रात ठाण मांडून होत्या आणि बेटावरच्या कोळ्यांना तिथे जाळं टाकू देत नव्हत्या. विनय जिंकला. समुद्र बेटाचा आहे, नौका हटवा, असा निकाल लागला.

नौका हटल्या नाहीत.

उलट त्यांनी एक होडी बुडवली. तिच्यात बाप आणि मुलगा होते.

आता बेटाचं सरकार दुसरा खटला भरणार होतं आणि वकीलपत्र विनयनेच घ्यावं म्हणून मागे लागलं होतं. तो नकार द्यायचं ठरवूनच आला होता. भन्तेंनी फक्त ‘बरोबर आहे’ म्हणायला हवं होतं.

“ना फौज, ना पोलीस,” तो म्हणाला. “नुसते काळे झगे. मोठ्यांनी मानलं तर न्यायालय, नाही तर चार भिंती. त्या होडीवाल्याची बायको मला भेटली... तिला मी काय सांगू?”

“ती काय म्हणाली?”

विनय जरा अडखळला.

“पुढची तारीख कधी, म्हणाली.”

भन्तेंनी चटई पुरती अंथरली.

मग म्हणाले, “तू त्या मोठ्या देशाचा वकील हो. मी न्यायालय होतो.”

विनयने हात झटकला. नाटकं आपल्याला जमत नाहीत, म्हणाला.

“वकील आहेस ना बाप्पा? मग जमतात.”

ते चटईवर मांडी घालून बसले. विनय नाइलाजाने समोर उभा राहिला. त्या देशाचा सूर त्याला पाठ होता.

“हे न्यायालय आम्ही मानत नाही. तुमचा निकाल आमच्या लेखी रद्दी आहे.”

भन्ते नुसते पाहत राहिले.

विनय पुढे बोलू लागला. हा समुद्र पूर्वापार आमचाच आहे. नकाशा तुम्ही चुकीचा वाचलात. होडी आम्ही बुडवली नाही, तीच येऊन आदळली. तो देश जे जे राजधान्या-राजधान्यांतून दूत पाठवून सांगत होता, पुस्तिका छापून वाटत होता, ते सगळं त्याने सांगितलं. त्याचा आवाज चढत गेला.

भन्तेंची पापणी हलली नाही.

“कायद्याचा मान आमच्याइतका कुणीच राखत नाही. जगाने आमच्याबद्दल उगाच गैरसमज...”

विनय थांबला.



“मी काही विचारलं होतं?” भन्ते म्हणाले.

“...नाही.”

विनय खाली बसला. आधी त्याचे खांदे हलले, मग तो मोठ्याने हसू लागला. ती होडी बुडाल्यापासून तो असा हसला नव्हता. हसता हसताच त्याने फोन काढला, ओट्याच्या कडेला गेला आणि बेटाच्या राजदूताला सांगितलं, की वकीलपत्र घेतो. त्या बाईलाही आजच कळवा, तारीख मिळेल.

परत आला तेव्हा त्याची मान ताठ होती. पण वकिलाची सवय जाते कुठे?

“भन्तेजी, नौका मात्र अजून तिथेच आहेत.”

“आहेत ना. कोण नाही म्हणतं?” भन्तेंनी चटईची सुरकुती सरळ केली. “तुमचं कोर्ट मी पाहिलं नाही, विनय. पण जंगलाच्या कडेला जन्म गेला माझा. शेळीपुढे खुलासे करणारा वाघ काही मी अजून पाहिला नाही.”